उजवी पेटी

आमच्या घरात आईचा आवाज एकाच वेळी दोन ठिकाणांहून यायचा. एक स्वयंपाकघरातून, जिथे ती खरोखर उभी असायची, आणि दुसरा पुढच्या पडवीतून, जिथे अण्णांचं, माझ्या वडिलांचं, दुकान होतं. स्वयंपाकघरातली आई म्हणायची, "अरे दिनू, विहिरीवरची बादली आण रे," आणि पडवीतली आई म्हणायची, "तिसऱ्या तीन पाण्यांतून धुवून घ्यायच्या. मग विळीवर उघडायच्या. एक शिंपी टाकायची, मांस असलेली ठेवायची." पडवीतली आई कॅसेटवर होती. अण्णांनी तिला एका दुपारी स्टुलावर बसवून समोर एकच माइक ठेवला होता आणि सांगितलं होतं, काहीतरी बोल. गाणं म्हणणार नाही, असं तिने आधीच बजावलं होतं. मग काय बोलू, असं तिने दोनदा विचारलं, आणि शेवटी एकशिपीची, म्हणजे तिसऱ्यांच्या शिंपल्यांच्या कालवणाची, कृती सांगितली. वाटण, तिरफळ, कोकम, सगळं. पुढची वीस वर्षं रत्नागिरी आणि आसपासच्या गावांतून आलेला प्रत्येक स्पीकर त्या कृतीवर तपासला गेला.

आमचं घर मांडवीच्या अंगाला, समुद्रापासून इतकं जवळ की दरवाज्याच्या कड्या दर वर्षी बदलाव्या लागत. या खाऱ्या हवेवरच आमचं पोट होतं, असं अण्णा म्हणायचे. त्या काळात आखातातून सुट्टीवर येणारा माणूस दोन गोष्टी हमखास आणायचा, एक घोंगडीएवढं जाड ब्लँकेट आणि दुसरी म्हणजे मोठ्या लाकडी पेट्यांच्या स्पीकरची जोडी. पेट्या सुंदर असत, अक्रोडाच्या रंगाच्या, पुढे काळं कापड. पण त्यांतल्या कागदी कोनाला भोवतीने जी फोमची कड असते ती आमच्या हवेत पाच-सात वर्षांत विरघळायची. बोट लावलं की चिकट भुसा हाताला यायचा. मग आवाज फाटायचा, आणि मालक म्हणायचा, अण्णांकडे न्या.

अण्णा नवी कड मेंढीच्या पातळ कातड्याची करायचे. हातखंब्याच्या पुढे नमनाच्या खेळांचे मृदंग मढवणारा एक म्हातारा होता, त्याच्याकडून ते कातडं आणायचे. रात्रभर भिजवून, ताणून, कातरीने गोल कापून, कोनाला चिकटवून, मधली गुंडाळी कुठे घासत नाही ना हे बोटांनी दाबून बघत. पेटीतला कापूस उन्हात घालत, सुकलेले कपॅसिटर बदलत. एका जोडीला दहा-बारा दिवस लागत. पण हे सगळं झालं तरी जोडी तयार झाली असं ते म्हणत नसत. दोन्ही पेट्या भिंतीशी ठेवून त्यांच्यामधून एक सुतळी बाहेर काढलेली असे, तिच्या टोकाला गाठ. त्या गाठीवर उभं राहून डोळे मिटून ते आईची कॅसेट ऐकत. जोडी खरी जुळलेली असेल तर आवाज कुठल्याच पेटीतून येत नाही. दोन पेट्यांच्या मधोमध जी रिकामी भिंत असते, तिथून येतो, जणू माणूस तिथे बसलाय. तसा आला की अण्णा डोळे उघडून म्हणत, "बसली." हा एक शब्द उच्चारल्याशिवाय जोडी दुकानातून जात नसे. आणि पुन्हा गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन, पेट्या जागेवर लावून, सुतळी ताणून, ते तोच शब्द पुन्हा म्हणत.

आई आतून पुटपुटायची, "इथे उभं राहून माझी कंबर मोडली, आणि हे जगाला सांगतात, बसली."

अण्णांच्या या कानावर गावाचा भरवसा होता. त्यांनी बसली म्हटलं की ती बसलेली असायची, मग त्यावर कुणी दुसरं बोलत नसे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं ते या भरवशामुळेच झालं.

अण्णांचा डावा कान लहानपणापासून अधूनमधून वाहायचा. आमच्या घरात त्याचं कुणाला विशेष वाटत नसे. आई खोबरेल तेलात लसणाच्या दोन पाकळ्या काळ्या करायची, ते तेल कोमट झालं की दोन थेंब कानात आणि वर कापसाचा बोळा. त्या तेलाचा वास दोन दिवस घरभर असायचा. आज माझ्या स्वयंपाकघरात कुणी लसणाची फोडणी दिली की मी बाहेर जाऊन उभा राहतो. बायकोला वाटतं मला ठसका लागतो.

मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो. मुंबईच्या एका कारखान्यात जागा जवळपास ठरली होती, परीक्षा झाली की जायचं. अण्णांनी होकार दिला होता, पण एका वाक्यात. "मला एकट्याला जमतंय तोवर तू जा. जमेनासं झालं की बघू." ते सहज बोलले होते. मी मात्र ते वाक्य मनात मंत्रासारखं घोळवत होतो. त्यांना जमत राहिलं पाहिजे, निदान जूनपर्यंत.

दिवाळीनंतर दापोलीहून एक जोडी आली. तिथल्या कृषी विद्यापीठात शिकवणाऱ्या एका सरांची. अण्णांनी नेहमीसारखं सगळं केलं आणि गाठीवर उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "उजवीकडे जातेय." त्यांनी डावी पेटी उघडली, कातडं काढलं, नवं लावलं. चार दिवसांनी पुन्हा उभे राहिले. "जातेच आहे." मग उजवी उघडली. कपॅसिटर बदलले, तारा बदलल्या, पेट्यांच्या जागा बदलल्या. तरी उजवीकडेच. आता पेट्यांची अदलाबदल करूनही आवाज उजवीकडेच राहत असेल तर दोष पेटीत नाही, हे मला डिप्लोमाच्या अभ्यासाशिवायही कळायला हवं होतं, आणि ते कळलं होतं. मी त्यांच्या मागे गाठीवर उभा राहून ऐकलं. आई बरोबर मध्यभागी बसून कोकमं किती घालायची ते सांगत होती.

अण्णांनाही ते कळायला हवं होतं. पण माणूस स्वतःच्या कानावर शेवटी संशय घेतो. त्याआधी तो कातड्यावर घेतो, डिंकावर घेतो, विजेवर घेतो. त्या दिवसांत ते चिडचिडे झाले. आईने जेवायला हाक मारली तर "ओरडतेस कशाला," आणि हळू हाक मारली तर ऐकूच जात नसे. सरांचं पत्र आलं, काही घाई नाही, पण झालं का. अण्णांनी ते पत्र वाचून उलटं ठेवलं आणि तिसऱ्यांदा पेटी उघडायला घेतली. कोनाच्या कागदाला आता उघडून-उघडून सुरकुत्या पडू लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून ते आत आडवे झाले तेव्हा मी उजवी पेटी उघडली आणि आतल्या तारेत एक दोन ओहमचा रेझिस्टर जोडला. पांढऱ्या खडूच्या तुकड्यासारखा दिसतो तो, दोन्ही टोकांना तार. त्याने त्या पेटीचा आवाज थोडा दबतो. कापूस पुन्हा वर पसरला, स्क्रू बसवले. चारला अण्णा उठले, चहा घेतला, अॅम्प्लिफायरची सगळी बटणं जागेवर आहेत ना हे सवयीप्रमाणे बोटाने चाचपलं आणि गाठीवर उभे राहिले.

"बसली," ते म्हणाले. आणि खुर्चीत बसून दोन्ही हातांनी चेहरा पुसला. "कातडंच होतं. या खेपेचं कातडं जाड होतं." रात्री त्यांनी आईकडून मागून भात घेतला, तोही दोनदा.

मी स्वतःला सांगितलं की हे त्यांच्या सुखासाठी केलं. त्यात खोटं नव्हतं. पण ते पुरतं खरंही नव्हतं. त्यांच्या कानात दोष निघाला असता तर गाठीवर उभं राहायला दुसरा कान लागला असता, आणि घरात दुसरा कान माझाच होता. मुंबई राहिली असती. हे तेव्हाही मला स्वच्छ दिसत होतं. ते आज लिहायला मला तीस वर्षं लागली.

त्यानंतर अंजनवेलची एक जोडी आली. तिला दोनने भागलं नाही, तीनचा लावावा लागला. मार्चमध्ये हसनभाईंची आली, तिला पाचचा. म्हणजे माझ्याकडे माझ्या बापाचा कान किती वेगाने चाललाय याचं बिनचूक माप होतं. कुठल्याही डॉक्टरकडे नव्हतं असं माप. आणि ते मी लाकडी पेट्यांत कापसाखाली पुरून गावोगाव पाठवत होतो.

हसनभाई राजिवड्याचे. आधी बोटीवर तांडेल, मग चौदा वर्षं कुवेतला, आता कायमचे परत. गप्पिष्ट माणूस, गझलांचा वेडा. त्यांच्याकडे जोडी पोचवायला मी आणि अण्णा गेलो होतो. सुतळी ताणली, अण्णांनी डोळे मिटले, "बसली" म्हणाले. हसनभाईंच्या बायकोने शेवयांची खीर दिली. हसनभाई त्या दिवशी गप्प-गप्प होते, ते माझ्या लक्षात आलं होतं.

तीन आठवड्यांनी ते सकाळी रिक्षात दोन्ही पेट्या घालून आमच्या दारात.

"अण्णा, रागावू नका," चप्पल काढतानाच ते म्हणाले. "एक गोष्ट विचारायचीय."

"बसा तरी आधी. आई, चहा टाक." अण्णा माझ्या आईला गिऱ्हाइकांसमोर आईच म्हणत.

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात बसली. मला ती डाव्या भिंतीत दिसत होती. मला वाटला माझेच कान गेले. चौदा वर्षं मशीनच्या शेजारी काम केला, जातीलच. तुम्हाला कसा सांगणार? मग घरातलीला विचारलं. ती म्हणते, बाई डावीकडेच बसते, तुमच्याकडे पाठ करून. मी म्हटला, तुला गं काय कळतं. पण झोप लागेना. शेवटी कानाच्या डॉक्टरकडे गेलो." त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "तो म्हणतो, कान पोरासारखे आहेत. आता तुम्हीच सांगा."

म्हणजे आमच्या अण्णांच्या शब्दाखातर त्या माणसाने स्वतःचे कान तपासून घेतले होते. मी बाकाची कड धरून उभा होतो. अण्णांनी चहाचा कप तसाच ठेवला, डावी पेटी बाजूला सारली आणि सरळ उजवी उघडली. कापूस बाजूला केला. तो पांढरा तुकडा तिथे होता, दोन्ही टोकांना माझ्या हाताचे कथलाचे ढबळे. अण्णांचं झाळकाम मोहरीच्या दाण्यासारखं असे. माझं कुणीही ओळखलं असतं.

ते त्याच्याकडे बघत राहिले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"हां," मग ते म्हणाले. "हा माझाच राहिला, हसनभाई. तपासताना लावला होता. काढायचा विसरलो."

"होतं, अण्णा. एवढी कामं तुमच्यामागे."

"होता कामा नये."

त्यांनी तो तुकडा काढला, तार जोडली, पेटी बंद केली, कॅसेट लावली आणि गाठीवर उभे राहिले. आई तिसऱ्या धुवायला सांगू लागली. मी अण्णांचा चेहरा बघत होतो. तो किंचित उजवीकडे वळला, जसा कुणी हाक मारली की वळतो, आणि मग त्यांनी तो जाणीवपूर्वक सरळ केला.

"बसली," ते म्हणाले. माझ्या माहितीत त्यांनी हा शब्द खोटा म्हटला तो त्या दिवशी. खोटा त्यांच्या कानाला, बाकी खोलीत ती खरोखर बसलेलीच होती. हसनभाई टाळी देत म्हणाले, "आता कशी बाईसारखी बाई समोर बसली."

दुपारी जेवायला बांगड्यांचं तिखलं होतं. अण्णांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि ताटाकडे बघत विचारलं, "कितीचा होता?"

"पाचचा."

"आठ ओहमच्या पेटीला पाच." त्यांनी मान हलवली. "बराच झाला की."

"कसला पाच?" आई म्हणाली.

"काही नाही. भात वाढ." मग मला, "याच्या आधी कुणाला लावलास?"

मी म्हटलं, "नाही. हाच पहिला."

माशाचा काटा काढावा तसं त्यांनी हे उत्तर जिभेवर क्षणभर घोळवलं, आणि म्हणाले, "बरं." एवढंच. शिव्या नाहीत, का केलंस नाही. मी त्या शिव्यांची आजही वाट बघतो असं मला कधीकधी वाटतं.

दापोली आणि अंजनवेल तेव्हाच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? त्या दिवशी मला वाटलं, एकदा चुकलो म्हटलं तर माफी आहे, तीनदा म्हटलं तर तो कट होतो. आणि महिन्याभराचा आजार म्हणजे किरकोळ, सहा महिन्यांचा म्हणजे गंभीर, मग घर मला जाऊ देणार नाही. दोन्ही हिशेब मी एका घासात केले.

जूनच्या सुरुवातीला आम्ही आंबा घाटातून एसटीने कोल्हापूरला गेलो, कानाच्या मोठ्या डॉक्टरांकडे. त्यांनी कानात दिवा घालून बघितलं आणि विचारलं, ऐकू कमी येतंय ते किती दिवसांपासून. अण्णा म्हणाले, "हा सांगेल. दुकानात माझ्याबरोबर हाच असतो."

मी म्हटलं, "महिना-दीड महिना."

"अलीकडचंच आहे मग. आधी औषधांनी बघू. दोन महिन्यांनी घेऊन या."

दोन महिन्यांनी मी मुंबईत होतो. अण्णा एकटे गेले नाहीत. दुकान बंद कसं ठेवायचं, असं त्यांनी पत्रात लिहिलं, थेंब चालू आहेत, बरं आहे. दिवाळीला घरी आलो तर ते भिंतीला धरून चालत होते, चक्कर येते म्हणून. कोल्हापूरला ऑपरेशन झालं. कानाच्या आतली नाजूक हाडं रोगाने खाऊन टाकली होती. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून सांगितलं की हे दीड महिन्यात होत नाही, उन्हाळ्यातच कान उघडून बघायला हवा होता. तेव्हा बघितला असता तर वाचला असता का, हे मी नंतर तीन डॉक्टरांना विचारलं. एक म्हणाला कदाचित, एक म्हणाला नाही, एकाने मलाच विचारलं की तुम्हाला कुठलं उत्तर हवंय.

त्यानंतर अण्णांनी स्पीकरची जोडी कधी हातात घेतली नाही. पंखे, मिक्सर, इस्त्र्या. गाठीची सुतळी आईने भाजीची जुडी बांधायला वापरली. मी मुंबईत सत्तावीस वर्षं नोकरी केली आणि आई गेल्यावर परत आलो. अण्णा त्याआधीच गेले होते. आता त्याच पडवीत मी जुने स्पीकर दुरुस्त करतो. हल्लीच्या तरुणांना जुन्या पेट्यांचं वेड लागलंय, पुण्या-मुंबईहून पार्सलं येतात. कान आहेत तोवर करीन. दर सहा महिन्यांनी तपासून घेतो.

मागच्या हिवाळ्यात दापोलीहून फोन आला. तेच सर, आता ऐंशीच्या पुढचे. पेट्यांची कड पुन्हा गेली होती, आणि अण्णांचा मुलगा हे काम करतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी म्हटलं पेट्या पाठवू नका, मीच येतो. कारण ते मला माझ्या हातांनी, त्यांच्यासमोर काढायचं होतं, आणि सांगायचं होतं. तीस वर्षं त्या माणसाने वाकडी जोडी ऐकली होती.

सरांच्या बैठकीत मी उजवी पेटी उघडली. कापूस बाजूला केला. रेझिस्टर नव्हता. त्या जागी तार सरळ जोडलेली होती, आणि जोडावर मोहरीच्या दाण्याएवढं कथील.

"ही मध्ये कुणी उघडली होती का?" मी विचारलं.

"तुझ्या वडिलांनीच," सर म्हणाले. "एसटीने आले होते, पिशवीत हत्यारं घेऊन. मी म्हटलं, निरोप दिला असता तर मी पेट्या पाठवल्या असत्या. म्हणाले, माझी एक चूक राहिली आहे. काहीतरी काढून खिशात घातलं. मग मला दोरीच्या गाठीवर उभं केलं, तुझ्या आईची ती कॅसेट लावली आणि म्हणाले, सर, आवाज कुठून येतो तेवढं सांगा. मी म्हटलं मधून. तीनदा विचारलं त्यांनी. मला जरा गंमतच वाटली, एवढा कानाचा माणूस मला काय विचारतोय. इथून पुढे अंजनवेलला जायचं म्हणत होते. जेवायलासुद्धा थांबले नाहीत."

"कधीची गोष्ट?"

"मे महिना असणार. विद्यार्थी घरी गेले होते, आणि मी त्यांना जाताना आमच्या बागेतले आंबे दिले होते."

आंबे मला आठवले. अण्णा म्हणाले होते, हातखंब्याला एका गिऱ्हाइकाने दिले. आम्ही ते कोल्हापूरला जाण्याच्या आदल्या आठवड्यात संपवले होते.

दवाखान्यातली एक गोष्ट मी वर लिहिली नाही, कारण इतकी वर्षं तिला काही अर्थ आहे असं मला वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारल्यावर अण्णा माझ्याकडे वळले होते आणि आपला उजवा कान माझ्या बाजूला करून थांबले होते. मी "महिना-दीड महिना" म्हटलं तरी ते लगेच फिरले नाहीत. अजून काही ऐकू येतंय का, हे बघत असल्यासारखे तसेच राहिले. मी खाली बघितलं. मग ते डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "हो. तेवढेच झाले असतील."